जॉन लॉगी बेअर्ड : चित्र दाखवणारा पहिला, शर्यतीत मात्र मागे

२ नोव्हेंबर १९३६. लंडनच्या उत्तरेकडील टेकडीवर असलेल्या अलेक्झांड्रा पॅलेस या भव्य वास्तूत दुपारी ३ वाजता एक छोटेखानी समारंभ झाला. ब्रिटनची दूरचित्रवाणी सेवा त्या दिवशी रीतसर सुरू झाली. बीबीसीचे अध्यक्ष, टपाल खात्याचे मंत्री आणि लॉर्ड सेल्सडन यांची भाषणे झाली. गायिका ॲडेल डिक्सन यांनी या प्रसंगासाठी खास रचलेले गीत गायिले. हा सारा कार्यक्रम त्या दिवशी दोनदा झाला. आधी एका कंपनीच्या यंत्रणेवरून आणि थोड्याच वेळाने दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेवरून. पहिला मान कोणाचा, हे नाणेफेकीने ठरले होते. नाणेफेक जिंकली बेअर्ड टेलिव्हिजन कंपनीने.

मात्र ज्यांच्या नावाने ही कंपनी उभी होती, त्या जॉन लॉगी बेअर्ड यांचे नाव वक्त्यांच्या यादीत नव्हते. कंपनीच्या वतीने अध्यक्ष सर हॅरी ग्रीअर बोलले. दहा वर्षांपूर्वी माणसाचा जिवंत चेहरा पडद्यावर उमटवून जगाला थक्क करणारा हा संशोधक आपल्याच स्वप्नाच्या उद्‌घाटनाला बाजूला राहिला. पुढच्या तीन महिन्यांत तर त्यांची यंत्रणाच बाद ठरली. जिंकलेली नाणेफेक ही त्या वर्षातील त्यांची अखेरची जीत ठरावी, हा दैवदुर्विलास होता. पण तो निव्वळ दैवाचा खेळ नव्हता. त्यामागे विज्ञानाचा आणि व्यवहाराचा कठोर हिशेब होता.

धर्मोपदेशकाचा धडपड्या मुलगा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील हेलेन्सबर्ग या गावी ऑगस्ट १८८८ मध्ये बेअर्ड यांचा जन्म झाला. वडील रेव्हरंड जॉन बेअर्ड हे तेथील चर्चचे धर्मोपदेशक. आई जेसी ही ग्लासगोच्या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यातील. चार भावंडांत जॉन सर्वांत धाकटे. प्रकृती लहानपणापासूनच नाजूक. सर्दी-पडशाने ते वरचेवर अंथरुणाला खिळत आणि ही नाजूक प्रकृती आयुष्यभर त्यांच्या पाठीशी लागली.

शरीर दुबळे असले तरी डोके स्वस्थ बसत नव्हते. शाळकरी वयातच त्यांनी मित्रांची घरे तारांनी जोडून स्वतःचे टेलिफोन केंद्र उभारले. घरात विजेचे दिवे लावले. पुढे ग्लासगोच्या तंत्र महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. त्याच महाविद्यालयात जॉन रीथ नावाचा आणखी एक विद्यार्थी होता. हेच रीथ पुढे बीबीसीचे महासंचालक झाले आणि बेअर्ड यांच्या भाग्याच्या नाड्या काही काळ त्यांच्या संस्थेच्या हाती आल्या. विद्यापीठातील शिक्षण सुरू असतानाच पहिले महायुद्ध पेटले. बेअर्ड सैन्यात भरती होण्यास गेले, पण प्रकृतीच्या कारणास्तव नाकारले गेले. पदवी अपुरी राहिली ती कायमचीच.

युद्धकाळात त्यांनी क्लाइड व्हॅली विद्युत कंपनीत नोकरी धरली. तेथे ग्रॅफाइटपासून हिरे बनवण्याचा प्रयोग त्यांनी केला. प्रचंड विद्युतप्रवाह सोडला आणि ग्लासगोच्या काही भागाचा वीजपुरवठाच बंद पडला. हिरे काही हाती लागले नाहीत.

मोजे, मुरांबा आणि साबण

नोकरीत मन रमेना, तेव्हा बेअर्ड व्यापारात उतरले. पाय सतत थंड पडण्याचा त्यांना त्रास होता. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बोरॅक्स भुरभुरलेले मोजे बनवले आणि ते बऱ्यापैकी खपलेही. मग प्रकृतीला मानवेल अशा उष्ण हवेच्या शोधात ते १९१९ मध्ये वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर गेले. तेथे मुबलक फळे आणि साखर पाहून त्यांनी जॅमचा कारखाना काढला. तो चालला नाही. आजारी पडून ते १९२० मध्ये परतले आणि लंडनमध्ये साबणाच्या धंद्यात शिरले. काचेचे, न गंजणारे दाढीचे पाते त्यांनी बनवून पाहिले; ते फुटले. हवेच्या फुग्यांवर चालणारे बूट केले, फुगे फुटले.

या साऱ्या उद्योगांची आज गंमत वाटते. परंतु त्यातून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे अपयशाने हा माणूस खचत नसे. दुसरी म्हणजे हाती असेल त्या सामानातून काम भागवण्याची त्यांना सवय होती. या दोन गुणांवरच दूरचित्रवाणीचे पहिले यंत्र उभे राहिले. आणि काही अंशी दुसऱ्या गुणानेच पुढे त्यांचा घात केला.

हेस्टिंग्जमधील खोली

प्रकृती पुन्हा ढासळल्याने बेअर्ड १९२३ च्या सुरुवातीला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी आले. वय ३४. हाती पैसा नाही, नोकरी नाही. याच काळात त्यांनी चित्र दूरवर पाठवण्याचा ध्यास घेतला.

कल्पना नवी नव्हती. जर्मनीतील पॉल निपकोव्ह यांनी १८८४ मध्येच तिचा मार्ग दाखवला होता. एका तबकडीवर मळसूत्री आकारात छिद्रे पाडायची आणि ती तबकडी वेगाने फिरवायची. प्रत्येक छिद्र समोरच्या दृश्यावरून एक रेषा ओढत जाते. तबकडी एकदा फिरली की जितकी छिद्रे तितक्या रेषांत सारे दृश्य टिपले जाते. त्या रेषांतील कमी-अधिक उजेडाचे रूपांतर प्रकाशविद्युत घट कमी-अधिक विजेत करतो. पलीकडच्या टोकाला तशीच दुसरी तबकडी अगदी त्याच गतीने फिरवली आणि तिच्यामागे विजेच्या चढउतारानुसार उजळणारा दिवा ठेवला, की डोळ्यांसमोर चित्र उभे राहते. कागदावर सारे सोपे होते. प्रत्यक्षात मात्र घटातून निघणारी वीज इतकी क्षीण असे, की चित्र कधीच उमटत नसे. ती वाढवण्याची साधने विसाव्या शतकात आली आणि बेअर्ड यांनी ती कामाला लावली.

त्यांचे पहिले यंत्र म्हणजे जुन्या बाजारातील वस्तूंचे प्रदर्शनच होते. चहाची लाकडी पेटी, टोपी ठेवण्याचा खोका, रफू करण्याच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगे आणि हे सारे जोडून ठेवणारी लाख आणि सरस. १९२४ च्या प्रारंभी या यंत्रावर वस्तूंच्या छायाकृती हलताना दिसू लागल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये प्रयोग करताना त्यांना सुमारे हजार व्होल्टचा झटका बसला. हात भाजला, पण जीव वाचला. या प्रकाराने धास्तावलेल्या जागामालकाने त्यांना जागा सोडण्यास सांगितले.

सोहोतील माळा

बेअर्ड लंडनला आले. सोहो भागातील २२, फ्रिथ स्ट्रीट या इमारतीत त्यांनी खोल्या घेतल्या. १९२५ च्या मार्चमध्ये सेल्फ्रिजेस या प्रसिद्ध दुकानात तीन आठवडे आपल्या यंत्राचे प्रयोग ग्राहकांना दाखवले. तेथे मिळालेल्या पैशांवर काही महिने निघाले. तरीही पडद्यावर दिसत होत्या त्या केवळ काळ्या आकृती. डोळे, नाक, गालावरचा उजेड-सावलीचा खेळ यांपैकी काहीच दिसत नव्हते.

तो दिवस २ ऑक्टोबर १९२५ रोजी उजाडला. यंत्रापुढे बोलक्या बाहुल्यांच्या खेळातील एक बाहुला ठेवला होता. दिव्यांच्या प्रखर उष्णतेत माणसाला बसवणे कठीण, म्हणून हा बिनतक्रार सहकारी. त्याचे नाव स्टूकी बिल. त्या दिवशी पलीकडच्या पडद्यावर स्टूकी बिलचा चेहरा उजेड-सावलीच्या सर्व छटांसह उमटला. चित्र अवघ्या ३० रेषांचे होते, पण ते चेहऱ्याचे चित्र होते. बेअर्ड धावत खाली गेले आणि खालच्या कार्यालयातील विल्यम टेंटन या तरुण कामगाराला वर घेऊन आले. त्याला यंत्रापुढे बसवले. अशा रीतीने हा तरुण दूरचित्रवाणीवर स्पष्ट दिसलेला पहिला माणूस ठरला.

२६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनचे सदस्य आणि टाइम्सचे वार्ताहर यांच्यापुढे बेअर्ड यांनी या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक केले. जिना चढून माळ्यावरच्या खोलीत आलेल्या त्या प्रतिष्ठित मंडळींनी माणसाचा हलता, बोलता चेहरा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पोहोचलेला पाहिला. खऱ्या अर्थाने दूरचित्रवाणीचे जगातील पहिले जाहीर प्रात्यक्षिक म्हणून हा दिवस ओळखला जातो.

यशाची कमान

पुढची काही वर्षे बेअर्ड यांच्या आयुष्यातील सुवर्णकाळ होता. १९२७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून लंडन ते ग्लासगो असे ४३८ मैल अंतर त्यांचे चित्र गेले. १९२८ च्या फेब्रुवारीत ते अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कजवळ पोहोचले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी रंगीत दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक केले आणि त्रिमितीय चित्राचाही प्रयोग केला. ग्रामोफोनच्या तबकडीवर चित्राचे संकेत कोरून ठेवण्याचा उद्योगही याच काळातला. त्या तबकड्यांवरून चित्र पुन्हा दाखवणे त्यांना जमले नाही. पण अनेक दशकांनंतर संगणकाच्या साह्याने त्यांतील चेहरे पुन्हा जिवंत करण्यात आले.

बीबीसी सुरुवातीला या नव्या माध्यमाबाबत साशंक होती. ३० रेषांचे ते चिमुकले, थरथरते चित्र म्हणजे सार्वजनिक सेवा नव्हे, असे तेथील अभियंत्यांचे मत होते. अखेर टपाल खात्याच्या आग्रहानंतर ३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या प्रक्षेपकावरून बेअर्ड यांचे प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाले. प्रक्षेपक एकच असल्याने आधी चित्र आणि मग आवाज अशी कसरत करावी लागे. मार्च १९३० पासून दोन्ही एकत्र जाऊ लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये पिरांदेल्लो यांची एक एकांकिका प्रक्षेपित झाली. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ते पहिले नाटक. पंतप्रधान रॅमसे मॅकडोनाल्ड यांच्या निवासस्थानीही बेअर्ड यांचा संच पोहोचला. १९३१ मध्ये डर्बीची प्रसिद्ध घोड्यांची शर्यत थेट दाखवण्यात आली.

१९३१ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क येथे बेअर्ड यांनी मार्गारेट अल्बू या दक्षिण आफ्रिकेतील पियानोवादक तरुणीशी विवाह केला. डायना आणि माल्कम ही त्यांची मुले. संसार मार्गी लागला होता. कंपनीची घडी मात्र विस्कटू लागली होती. पैशांची चणचण भासल्याने १९३२ मध्ये ती गोमाँ-ब्रिटिश या चित्रपट कंपनीच्या ताब्यात गेली. कंपनीचा पसारा लंडनच्या दक्षिणेकडील क्रिस्टल पॅलेसमध्ये हलला. तांत्रिक बाबींची सूत्रे कॅप्टन वेस्ट यांच्याकडे गेली. बेअर्ड पदावर राहिले, पण कारभारावरील त्यांची पकड सुटली. घराजवळच्या खासगी प्रयोगशाळेतच ते अधिक रमू लागले.

दोन यंत्रणा, एक परीक्षा

याच सुमारास वेगळ्या वाटेने आलेला प्रतिस्पर्धी उभा ठाकला. फिरत्या तबकड्यांना मर्यादा आहे, खरी दूरचित्रवाणी इलेक्ट्रॉनांच्या झोतानेच साधेल, हा विचार ब्रिटनमधील कॅम्पबेल स्विंटन यांनी १९०८ मध्येच मांडला होता. ईएमआय कंपनीच्या प्रयोगशाळेत आयझॅक शोएनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली ॲलन ब्लूमलिन यांच्यासह अव्वल संशोधकांची तुकडी त्याच दिशेने काम करीत होती. त्यांच्या एमिट्रॉन कॅमेऱ्यात फिरणारा एकही भाग नव्हता. पडद्यावर पडलेल्या उजेडाचा विद्युतभार तो साठवून ठेवी, म्हणून साध्या दिवसाच्या उजेडातही त्याला दिसे. ईएमआय कंपनीचे अमेरिकेशी लागेबांधे असल्याचा आक्षेप बेअर्ड यांनी घेतला, पण तंत्राचे उत्तर आक्षेपाने देता येत नाही.

सरकारने १९३४ मध्ये लॉर्ड सेल्सडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जानेवारी १९३५ मधील अहवालात समितीने किमान २४० रेषांच्या चित्राचा आग्रह धरला आणि दोन्ही यंत्रणांना बीबीसीने आळीपाळीने संधी द्यावी, अशी शिफारस केली. सप्टेंबर १९३५ मध्ये ३० रेषांचे जुने प्रक्षेपण थांबले. बेअर्ड कंपनीने २४० रेषा गाठल्या. मार्कोनी-ईएमआयने एकदम ४०५ रेषांचे आव्हान उचलले.

अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये दोन्ही कंपन्यांचे स्टुडिओ शेजारी शेजारी होते. तुलना रोजचीच झाली. बेअर्ड यंत्रणेच्या एका छोट्या स्टुडिओत कलावंताला अंधारात बसावे लागे आणि प्रकाशाचा धावता ठिपका त्याच्या चेहऱ्यावरून फिरे. मोठ्या दृश्यांसाठी आधी चित्रफीत काढली जाई. ती कॅमेऱ्याखालीच रसायनांच्या टाकीत धुतली जाई आणि ओली असतानाच तिच्यावरून चित्र प्रक्षेपित होई. या सर्व प्रक्रियेला सुमारे एक मिनिट लागे. त्या रसायनांत जालीम सायनाइडही असे. टाकीला जखडलेला तो कॅमेरा जागचा हलू शकत नसे. अमेरिकेतील फिलो फार्न्सवर्थ यांचा इलेक्ट्रॉनिक कॅमेराही कंपनीने आणून पाहिला, पण त्याला प्रचंड उजेड लागे. शेजारच्या स्टुडिओत मात्र एमिट्रॉन कॅमेरे सहज इकडून तिकडे नेता येत होते, तारेला जोडून बाहेरच्या हिरवळीवरही काम करीत होते. निर्माते आणि कलावंत कोणत्या आठवड्याची वाट पाहत असतील, हे सांगायला नको.

या सेवेचे प्रेक्षक तेव्हा मूठभर होते. संच शेकड्यांत मोजण्याइतके. एका संचाची किंमत छोट्या मोटारीच्या घरात जाई. प्रक्षेपणाचा आवाका लंडन आणि आसपासच्या परिसरापुरताच होता. पण या मूठभर घरांतूनच पुढच्या अर्धशतकाचा निकाल लागणार होता.

आगीची रात्र आणि निकाल

उद्‌घाटनाला जेमतेम चार आठवडे झाले होते. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री क्रिस्टल पॅलेसला आग लागली. काच आणि लोखंडाची ती अजस्र वास्तू काही तासांत कोसळली. ज्वाला मैलोन्‌मैल दिसत होत्या. बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळांचा आणि सामग्रीचा मोठा भाग त्या आगीत नष्ट झाला. यंत्रणा सुधारण्यासाठी ज्या दिवसांची नितांत गरज होती, तेच दिवस राखेतून सामान वेचण्यात गेले.

अर्थात, आग लागली नसती तरी निकाल फारसा वेगळा लागला नसता, असे अभ्यासक मानतात. ३० जानेवारी १९३७ रोजी बेअर्ड यंत्रणेवरून अखेरचे प्रक्षेपण झाले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची पद्धत एकमेव म्हणून स्वीकारल्याचे जाहीर झाले. त्याच मे महिन्यात राजे सहावे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक एमिट्रॉन कॅमेऱ्यांनी लंडनच्या रस्त्यावरून थेट दाखवली आणि जूनमध्ये विम्बल्डनचे टेनिस सामने. ही ४०५ रेषांची पद्धत ब्रिटनमध्ये जानेवारी १९८५ पर्यंत टिकली.

पराभवानंतरचे दिवस

बहुतेकांच्या दृष्टीने बेअर्ड यांची कहाणी येथे संपते. वस्तुतः त्यांचे अत्यंत महत्त्वाचे काम यानंतरचे आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये त्यांनी लंडनच्या डोमिनियन थिएटरमधील मोठ्या पडद्यावर रंगीत चित्र दाखवले. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि बीबीसीने दूरचित्रवाणी बंद केली. बाजारच उरला नाही, तेव्हा बेअर्ड कंपनीही बुडाली. पगार थांबला. तरी सिडनहॅममधील घराला लागून असलेल्या प्रयोगशाळेत, बॉम्बवर्षावाच्या काळात, मोजक्या मदतनीसांसह आणि स्वतःच्या खर्चाने त्यांनी काम चालू ठेवले. १९४१ पासून केबल अँड वायरलेस कंपनीने सल्लागार म्हणून दिलेल्या मानधनाचा थोडाफार आधार मिळाला.

१६ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी टेलिक्रोम ही रंगीत चित्रनलिका दाखवली. तिच्यात फिरती तबकडी नव्हती, मोटार नव्हती. रंगीत चित्र पूर्णपणे इलेक्ट्रॉनांच्या झोतातून उमटत होते. ज्या तंत्राने त्यांचा पराभव केला, त्याच तंत्रात ते आता आघाडीवर होते. युद्धोत्तर दूरचित्रवाणीचा विचार करणाऱ्या सरकारी समितीपुढे त्यांनी हजार रेषांच्या रंगीत चित्राचा आग्रह धरला. पैशाची टंचाई असलेल्या देशाला ते झेपणारे नव्हते. जुनीच ४०५ रेषांची कृष्णधवल सेवा पुन्हा सुरू करण्याचे ठरले. ब्रिटनमध्ये नियमित रंगीत प्रक्षेपण सुरू व्हायला १९६७ साल उजाडावे लागले.

१९४६ च्या फेब्रुवारीत बेअर्ड यांना पक्षाघाताचा झटका आला. ७ जून १९४६ रोजी बीबीसीची दूरचित्रवाणी सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १४ जूनला, बेक्सहिल या समुद्रकाठच्या गावी त्यांचे निधन झाले. वय अवघे ५७. हेस्टिंग्ज येथून काही मैलांवरच आहे. जेथे स्वप्नाला सुरुवात झाली, त्याच किनाऱ्यावर ते संपले. हेलेन्सबर्गच्या दफनभूमीत आई-वडिलांच्या सान्निध्यात त्यांना चिरविश्रांती मिळाली.

दूरचित्रवाणीचा शोध कोणा एकट्याचा नाही. निपकोव्ह, कॅम्पबेल स्विंटन, फार्न्सवर्थ, झ्वोरिकिन, शोएनबर्ग, ब्लूमलिन अशा अनेकांचे हात त्याला लागले. आज घराघरांत दिसणाऱ्या चित्रामागे बेअर्ड यांची तबकडी नाही, हेही खरे. पण ही गोष्ट शक्य आहे हे दाखवणारा कोणीतरी आधी असावा लागतो. चहाच्या पेटीतून आणि रफूच्या सुयांतून बेअर्ड यांनी ते दाखवले. आणि एकदा चित्र दिसल्यावर ते अधिक चांगले दिसावे, ही मागणी थांबवणे त्यांच्याही हाती राहिले नाही. १९३६ साली अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये त्याच मागणीने त्यांना मागे टाकले. सोहोतील त्या इमारतीवरील फलक मात्र आजही जाणाऱ्या-येणाऱ्यांना सांगतो, की दूरचित्रवाणीचे पहिले प्रात्यक्षिक येथेच, या माणसाने केले.